गार्डसाहेबांचा घाट

गार्डसाहेब नेहमी शेवटी धावायचे. पाय चालत नव्हते म्हणून नव्हे. साठी ओलांडलेल्या त्या शिडशिडीत माणसाने मनात आणलं असतं तर आमच्यातल्या निम्म्यांना सहज मागे टाकलं असतं. पण पहाटे सगळ्यांना पुढे घालायचं, जो कोणी सगळ्यात मागे धापा टाकत चाललेला असेल त्याच्या मागे चार पावलं अंतर ठेवायचं, आणि मग आपण निघायचं, हा त्यांचा शिरस्ता. कुणी थांबलं की ते थांबत. कुणी चालायला लागलं की तेही चालत. शेवटचा माणूस पार्क चौकात परत येऊन कठड्यावर बसला की मगच गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवत. पस्तीस वर्षं त्यांनी रेल्वेत मालगाडीचे गार्ड म्हणून नोकरी केली होती आणि गार्डाची जागा शेवटच्या डब्यात असते, यापलीकडे या वागण्याचं दुसरं काही कारण त्यांच्याकडे नव्हतं.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. चाळिशीनंतर रक्तात साखर दिसली, डॉक्टरांनी डोळे वटारले, आणि मी पहाटे तळ्याच्या कडेने पळायला लागले. पळायला म्हणजे, विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं की एक माणूस आपल्या मागे आहे. मी थांबले की थांबतो, मी चालले की चालतो. बायकांच्या मागे लागणाऱ्या माणसाला आमच्या सोलापुरात जे ऐकावं लागतं ते सगळं मी त्याला थांबून ऐकवलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं, घाम पुसला आणि म्हणाला, “मी तुमच्या मागं न्हाय मॅडम. मी सगळ्यांच्या मागं हाय. आज शेवटी तुमी हाय, त्याला मी काय करू?”

मला राग आला तो त्या माणसापेक्षा त्याच्या बोलण्यातल्या खरेपणाचा आला. तिसऱ्या दिवशी मी गेले ती आपण शेवटी राहायचं नाही असं ठरवूनच. पुढे कितीतरी महिने शेवटीच राहिले. तेवढ्या काळात गार्डसाहेबांशी माझी जी मैत्री झाली ती आमच्यातल्या वेगवान मंडळींची कधीच होऊ शकली नाही, कारण त्यांना ते फक्त चहाच्या वेळी भेटत.

निवृत्तीनंतरही त्यांनी पांढरा शर्ट सोडला नव्हता. अर्ध्या बाह्यांचा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट नीट खोचलेला, खाली गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी आणि पायांत मुलीने घेऊन दिलेले भडक केशरी बूट. त्या बुटांची त्यांना स्वतःलाच लाज वाटे. “सिग्नल पायात घालून पळतोय असं वाटतं,” असं म्हणायचे. खिशात भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा. आमच्यातल्या एकाने त्यांना ताकदीसाठी खायचं ते चिकट जेल दिलं, तर त्यांनी पुडी उलटसुलट करून वाचली, वास घेतला आणि परत केली. “खोकला झाल्याव घेतो की. आत्ता कशाला?”

मालगाडीला वेळापत्रक नसतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. एक्सप्रेस आली की मालगाडी बाजूच्या लूप लाइनीला. पॅसेंजर आली की पुन्हा लूपला. सगळ्यांना वाट देऊन झाली आणि रूळ मोकळा राहिला, तर मग हिची पाळी. “माझं अर्धं आयुष्य पाकणी आन् बोरोटीच्या लूपला गेलं,” ते सांगत. “पाकणीत एक कडूलिंबाचं झाड हाय. मी नोकरीला लागलो तवा माझ्या कमरेएवढं हुतं. रिटायर झालो तवा त्याच्या सावलीत जीप लावत हुते.” हे सांगताना त्यांच्या बोलण्यात कुठे कडवटपणा नसे. मीच आपली मनात हिशेब करून हळहळत बसे.

आणि गाडी सोडून जायची सोय नव्हती. ड्यूटीचे तास संपले तरी बदली गार्ड येऊन समोर उभा राहून “चार्ज घेतला” असं तोंडाने म्हणेपर्यंत जुन्या गार्डाने जागा सोडायची नाही, हा नियम. थोरल्या मुलीच्या साखरपुड्याला पाहुणे जेवून, पान खाऊन निघून गेले, तेव्हा हे एका आडगावच्या लूपला रिकाम्या वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, राखण करत बसले होते; बदली गार्डाला आणणारी जीप वाटेत बंद पडली होती. मी म्हटलं, “रिकामी गाडी होती ना? कोण काय नेणार होतं?” ते म्हणाले, “रिकामी का असंना, वाऱ्यावर कशी सोडायची?” घरी कधी पोचणार हे ते बायकोला कधीच सांगत नसत. सांगून उपयोग काय? “आलो की दिसंल,” एवढं म्हणून बाहेर पडत. निवृत्तीनंतर पळायला जातानाही हेच. वहिनी मला एकदा म्हणाल्या, “लगीन झाल्याव पंधरा दिस इचारलं, कवा येनार म्हनून. मग सोडून दिलं. शेजारनी म्हनायच्या, तुझा नवरा पावण्यासारका येतो.”

शर्यतीचं खूळ आणलं ते इक्बालभाईंनी. इक्बालभाई म्हणजे पाण्याचे जार पोचवणारा टेंपो चालवणारे आमचे सोबती. अंगाने भरलेले, बोलायला मोकळे आणि धावण्यात माझ्या बरोबरीचे, म्हणजे शेवटून दुसरे. साताऱ्याकडे घाटात एकवीस किलोमीटरची शर्यत असते, अर्धी वाट चढ आणि त्याच वाटेने परत उतार, असं त्यांनी मोबाइलवर दाखवलं. तीन तासांच्या आत जो परत येईल त्याला मेडल. त्यानंतर रस्ता वाहनांना खुला आणि मेडल बंद. आमची हसाहशी चालली होती. सोलापूरचा माणूस आणि घाट, हा विनोदच होता. गार्डसाहेब मात्र तो मोबाइल हातात धरून बसले. “टायमात पोचलं तरच देतात?” त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाले, “मग मी येनार.”

का, ते त्यांनी मला नंतर परतताना सांगितलं. मी चालत होते, म्हणून तेही चालत होते. “पस्तीस वरसांत माझी गाडी टायमात पोचली असं एकदा बी झालं न्हाय. लेट झाली असं बी म्हनता येत न्हाय. तिला टाइमच नव्हता की. एकदा आपल्याला बी कुनीतरी टाइम द्यावा, आन् आपन त्यात पोचावं. बास, दुसरं काय न्हाय.”

आता सोलापुरात चढ आणायचा कुठून? आमच्या गावाला ऊन भरपूर मिळालंय, चादरी मिळाल्यात, पण उंचवटा म्हणून काही मिळालेला नाही. थोडे दिवस आम्ही रेल्वेवरच्या पुलावर खालीवर पळालो. ट्रकवाले आम्हाला वेड्यात काढून गेले. मग रविवारी तुळजापूरच्या घाटात जायचं ठरलं. घाट तसा लहान, पण सोलापूरकराला तेवढाही पुरतो. इक्बालभाई टेंपो घेऊन येत. पायथ्यापासून माथ्यापर्यंत आम्ही पळत चढायचं. माथ्यावर टेंपोत बसायचं, रिकाम्या जारांवर ऐसपैस टेकून, गार वारा खात खाली यायचं आणि पुन्हा चढायचं. ही व्यवस्था गार्डसाहेबांनीच घालून दिली होती. “चढ कमवावा लागतो,” ते म्हणायचे. “उतार फुकटात मिळतो. त्याची कसली प्रॅक्टिस?” रसायनशास्त्राची पदवी असलेल्या मला, इंजिनाचं सगळं कळणाऱ्या इक्बालभाईंना आणि बाकीच्या शहाण्यांनाही हे अगदी पटलं. सपाट गावात जन्म काढलेल्या माणसांना उतार म्हणजे विश्रांतीच वाटते.

पहिल्या वर्षीच्या शर्यतीत आम्ही जो चढ चढलो तो सांगताना मला अजूनही मिशी नसल्याचं वाईट वाटतं. पुण्यामुंबईकडची मंडळी, महागाच्या घड्याळांची, निम्म्या घाटात कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि आम्ही शेंगदाणे चावत त्यांच्या बाजूने पुढे. मागून गार्डसाहेबांचा आवाज येत होता, “चला चला, लाइन क्लिअर हाय.” वळणबिंदूला पोचलो तेव्हा हातात वेळ भरपूर होता. इक्बालभाई तर म्हणाले, “अब क्या, लुढकतेच जाना है.”

पुढच्या तासाभरात आम्हाला उतार म्हणजे काय ते समजलं. थोड्याच अंतरात माझ्या मांड्या पापडाच्या पिठासारख्या कुटून निघाल्या. प्रत्येक पावलाला अंगाचं सगळं वजन गुडघ्यावर आपटत होतं. शरीर पुढे पळत होतं आणि पाय मागे राहात होते. इक्बालभाईंनी टेंपोचा विचार केला असावा. ते कठड्याला धरून चक्क उलटे, रिव्हर्समध्ये उतरायला लागले. मघाशी ज्यांना आम्ही मागे टाकलं होतं ती घड्याळवाली माणसं हात सैल सोडून हसत हसत खाली गेली. गार्डसाहेबांचे पाय आमच्याइतके गेले नव्हते. ते निघून गेले असते तर कदाचित पोचले असते. मी दोनदा सांगितलं. ते माझ्या मागेच राहिले.

आम्ही खाली आलो तेव्हा दुधाच्या गाड्या रस्त्यावरून जायला लागल्या होत्या. मेडलांची खोकी बंद झाली होती. गार्डसाहेब शर्ट नीट खोचून टेबलाशी गेले आणि तिथल्या स्वयंसेवक मुलीला म्हणाले, “मालगाडी आली बरं का.” तिला काही कळलं नाही. तिने त्यांना एक केळं दिलं, मग चेहरा बघून आणखी एक दिलं.

परतीच्या वाटेवर भाड्याच्या जीपमध्ये आम्ही मांड्या चोळत होतो. गार्डसाहेब खिडकीशी बसून बाहेर बघत होते. म्हसवड मागे पडल्यावर ते अचानक हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “तरुनपनी पाच वरसं लोनावळ्याला हुतो. घाटात गाडी उतरवायची म्हनजे आदी ब्रेक तपासायचे, चाकं तपासायची, मग हळू हळू, मुंगीच्या पावलानं. चढायला कुनी भेत नव्हतं. उतरायचं म्हनलं की डायवर देवाचं नाव घ्यायचा. सगळं म्हाईत हुतं की मला. गाडीचे ब्रेक जलमभर तपासले आन् सोताचे इसरलो.”

पुढचं वर्ष आम्ही उतार शिकलो. सगळी रीत उलटी झाली. आता टेंपोत बसून घाट चढायचा आणि पायांनी उतरायचा. इक्बालभाई म्हणाले, “मेरेकू क्या, टेंपो दोनों तरफ डिझेल पीताच.” देवीला पायी निघालेली माणसं घाट चढताना आम्हाला खाली पळत येताना बघून थबकायची. एका म्हाताऱ्या बाईने गार्डसाहेबांना थांबवून विचारलं, “कसला नवस हाय बाबा, देवीकडं पाठ करून पळायचा?” गार्डसाहेबांनी तिला हात जोडले. “टायमात पोचायचा हाय, मावशे,” ते म्हणाले. तिनेही हात जोडले आणि पोचशील म्हणाली.

त्यांच्या शिकवण्यात फारसं काही नव्हतं. पावलं बारीक टाकायची, अंग मोकळं सोडायचं नाही, पुढच्या वळणाकडे बघायचं. “उतार दिसला म्हनून हुरळून जायचं न्हाय,” एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगायचे. मला मांड्यांना तेल चोळत बसावं लागे, पण हळूहळू जमायला लागलं. त्यांना मात्र त्रास सुरू झाला. डाव्या गुडघ्याला सूज यायची. डॉक्टरांनी फोटो काढला आणि पळणं बंद करा म्हणून सांगितलं. उतार तर नावालाही नको. गार्डसाहेबांनी त्यांच्याशी घासाघीस करून एक शर्यत मिळवली. मला म्हणाले, “वंगन संपलंय. ही एक ट्रिप निघंल. पुढची न्हाय.”

तेव्हा आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं की यंदा गार्डसाहेबांनी शेवटी राहायचं नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी, मुक्कामाच्या लॉजवर, मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. यंदा कुणाकडे बघायचं नाही, आपलं आपण धावायचं. ते मान डोलावत राहिले. “व्हय, व्हय,” म्हणाले. सकाळी शिट्टी आणली नव्हती. मला वाटलं, जमलं.

चढावर ते खरोखरच पुढे गेले. तो पांढरा शर्ट माझ्यापुढे वळणावळणाने लहान होत गेला आणि मग दिसेनासा झाला. इतक्या दिवसांत त्यांची पाठ मी पहिल्यांदाच बघत होते. वळणबिंदूच्या अलीकडे ते उतरताना समोरून आले. शिलाई मशीनच्या सुईसारखी बारीक, भरभर पावलं. चेहरा घट्ट. मी हाक मारली, त्यांनी फक्त हात वर केला आणि गेले. मला इतका आनंद झाला की उरलेला चढ मी कसा चढले ते कळलंच नाही.

इक्बालभाईंच्या पोटरीत गोळा आला होता, त्यामुळे उतरताना मी त्यांच्या थोडी पुढे होते. खोटं कशाला बोलू, मेडल मलाही हवं होतं. घड्याळ बघत बघत मी घाट उतरले, गाव सुरू झालं, आणि एका मोरीजवळ पांढरा शर्ट दिसला. गार्डसाहेब रस्त्याच्या कडेला उभे होते. गुडघा धरून नव्हे, लंगडत नव्हे. नुसते उभे, मान वर करून, घाटाकडे बघत. त्यांच्या बाजूने एकेक माणूस पळत जात होता आणि ते प्रत्येकाला वाट देत होते.

मी विचारलं, “काय झालं?”

“काय न्हाय. मागं आपलं कोन दिसंना, म्हनून थांबलो.”

“गार्डसाहेब, ठरलं होतं ना आपलं?”

“ठरलं हुतं,” ते म्हणाले. “पन पाय निघंना. इक्बालभाई कुटं हाय?”

“येतायत मागून. तुम्ही जा. अजून वेळ आहे.”

त्यांनी मान हलवली, पण जागचे हलले नाहीत. पुन्हा घाटाकडे बघायला लागले. माझा पारा चढला. वर्षभर घाट उतरलो, वंगण नसलेल्या गुडघ्याने हा माणूस इथवर आला, शर्यत संपते ती कमान हाकेच्या अंतरावर आहे, आणि हा कुणाची वाट बघतोय? त्यांच्या तोंडाकडे बघून मी रागाने काही बोलणार तोच माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही त्यांना शंभर वेळा ‘जा’ म्हणालो होतो. मागची जागा घेतो असं आमच्यापैकी कुणीच कधी म्हणालं नव्हतं. जा म्हटल्याने गार्ड जात नाही.

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, “चार्ज घेतला.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “नक्की?”

“नक्की. शेवटी मी आहे. इक्बालभाईंना घेऊन येते.”

“त्यांना पानी द्या. बसू देऊ नका,” त्यांनी सांगितलं. मग शर्ट खोचला आणि निघाले. त्या माणसाला तसं पळताना आमच्यापैकी कुणी बघितलं नव्हतं. केशरी बूट नुसते दिसत होते. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

मी इक्बालभाईंची वाट बघत थांबले. ते आले ते पाय ओढत. “मॅडम, तुम निकलो, मेरेकू नक्को देखो,” ते म्हणाले. मी चार्ज घेतल्याचं सांगितल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. आम्ही दोघं चालत, थोडं पळत, पुन्हा चालत गेलो. पोचलो तेव्हा हवा भरलेली ती मोठी कमान मिटायला सुरुवात झाली होती; एका बाजूने वाकून ती आमच्या डोक्यावर येत होती. तिच्याखालून आम्ही वाकून पलीकडे गेलो. मेडल अर्थातच नाही. पलीकडे गार्डसाहेब उभे होते. गळ्यात मेडल. लाल फीत पांढऱ्या शर्टावर अगदी मधोमध, सरळ केलेली.

मला मनातून एक भीती होती की आता हा भला माणूस ते मेडल काढून माझ्या गळ्यात घालू बघेल, आणि मग सगळंच फुकट जाईल. त्यांनी तसं काही केलं नाही. हातसुद्धा मेडलावरून बाजूला केला नाही. “टायमात आलो,” ते म्हणाले. मी म्हटलं, “बघितलं.” मग त्यांनी इक्बालभाईंना खाली बसवलं आणि त्यांची पोटरी चोळायला घेतली. मेडल मध्ये मध्ये येत होतं, तरी काढलं नाही.

त्यानंतर ते पुन्हा पळाले नाहीत. डॉक्टरांना दिलेला शब्द त्यांनी पाळला. काही महिने पार्क चौकात येऊन कठड्यावर बसत, आमच्या पिशव्या-चपलांची राखण करत. मग दोघं नवरा-बायको नाशिकला मुलीकडे राहायला गेले. निघताना आम्ही स्टेशनवर गेलो होतो. त्यांनी मला काही उपदेश केला नाही, फक्त नव्याने आलेल्या एका बाईंचं नाव घेऊन म्हणाले, “त्या अजून खांब मोजत पळतात. बघा जरा.” आता आमच्यात शेवटी राहायची पाळी लावून घेतली आहे. पाळी बदलताना आम्ही “चार्ज घेतला” असं म्हणतो. नव्या माणसांना ती आमची थट्टा वाटते. मला त्यांची आठवण येते, आणि ती पळताना जितकी येते तितकी एरवी येत नाही. मागे कुणी नाही हे पाठीला अजून सवयीचं झालेलं नाही.

पण त्या शर्यतीच्या दिवशीची संध्याकाळ सांगायची राहिली. जेवण झाल्यावर साताऱ्याहून निघायच्या आधी गार्डसाहेब बाजूला जाऊन फोनवर बोलले. मी जीपशेजारीच उभी होते. “सहाला घरी येतो,” ते म्हणाले. पलीकडून काही विचारलं गेलं असावं. “व्हय, सहाला,” त्यांनी पुन्हा सांगितलं आणि फोन ठेवला. नंतर सबंध प्रवासभर ते ड्रायव्हरच्या मागे बसून रस्त्याकडे लक्ष ठेवून होते. पंढरपूरला आम्हाला चहा हवा होता, त्यांनी गाडी थांबवू दिली नाही. मोहोळजवळ उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो तेव्हा त्यांचा जीव नुसता खालीवर झाला. आम्ही त्यांना बरंच चिडवून घेतलं.

विजापूर रोडवरच्या त्यांच्या घरासमोर जीप उभी राहिली तेव्हा सहाला थोडी मिनिटं बाकी होती. वहिनी अंगणात वाळत घातलेले कपडे काढत होत्या. फाटकातून नवरा आत येताना त्यांनी बघितला, आणि हातातले कपडे तसेच घेऊन त्या पुढे धावल्या. चेहरा उतरलेला. “काय झालं? पडलात का कुटं? छातीत दुखतंय का?”

“काय झालं न्हाय,” गार्डसाहेब म्हणाले. “सांगितलं हुतं न्हवं, सहाला येतो?”

“सांगितलं हुतं,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी एकदा घरातल्या घड्याळाकडे वाकून बघितलं, एकदा त्यांच्याकडे. “पन खरंच याल असं कुटं वाटलं?” मग त्यांची एकदम धांदल उडाली. कपडे कठड्यावर टाकून त्या आत पळाल्या आणि आतूनच म्हणाल्या, “बसा जरा. अजून पीठ बी मळलं न्हाय.”

गार्डसाहेबांनी वळून आमच्याकडे बघितलं. घरी स्वयंपाक झालेला नाही म्हणून इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.